तळघरातला शनिवार

घराच्या पहिल्या दालनात आलं की मान आपोआप मागे वळते. आपण आलो त्याच दाराच्या माथ्यावर एक मोठं घड्याळ आहे. त्याच्या दोन्ही अंगांना दोरांवर लोखंडी गोळे लोंबतात, तोफेच्या गोळ्यांसारखे. आठवड्यातून एकदा चावी दिली की हे गोळे रोज थोडेथोडे खाली उतरतात. भिंतीवर वारांच्या खुणा आहेत. गोळा ज्या खुणेशी पोचला, तो आजचा वार. पण दालनाची उंची आठवड्याला पुरली नाही. मग जमिनीला भोक पाडून दोर खाली सोडले, आणि शनिवार तळघरात गेला.

याच घड्याळाची दुसरी तबकडी बाहेर, पुढच्या पडवीत आहे. आतल्या तबकडीवर तास, मिनिटं, सेकंद असं सगळं दिसतं. बाहेरच्या तबकडीला एकच काटा, तासाचा. छपरावर चीनहून आणवलेली काशाची थाळी टांगलेली आहे. तिचे टोले टेकडीखालच्या शेतांपर्यंत ऐकू जात. घरातल्या माणसांना सेकंद हवा होता. शेतातल्यांना कामाला कधी लागायचं आणि कधी थांबायचं एवढं कळलं की झालं, असा त्याचा अर्थ मी लावला. इतकी बुद्धी, इतकी कल्पकता, आणि तिच्या पोटात ही वाटणी. पुढचे चार तास त्या घरात आणि घराभोवती फिरताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसत राहिलं.

हे घर थॉमस जेफरसन यांचं. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यांच्या हातचा, म्हणजे सगळी माणसं समान जन्माला येतात हे जगाला ऐकवणारं वाक्यही त्यांचंच. व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल गावाजवळच्या टेकडीवर हे घर उभं आहे. नाव मॉन्टिचेलो, इटालियन भाषेत छोटा डोंगर. १९३८ पासून अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यावर त्याचं चित्र आहे. माझी लेक रिचमंडला असते. तिच्याकडे गेले तेव्हा कितीतरी दिवस ते नाणं पर्समध्ये खुळखुळत होतं. घर मात्र ऑक्टोबरात पाहिलं, झाडांची पानं तांबडी व्हायला लागली तेव्हा.

डोंगरमाथ्यावर घर बांधणं हा त्या काळी वेडेपणाच होता. पाणी वर नाही, वाट बिकट. तंबाखूचे मळेवाले नदीकाठी घरं बांधत, कारण माल नदीतून जाई. जेफरसन यांना लहानपणापासून या टेकडीची ओढ होती. १७६८ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी माथा सपाट करायला घेतला आणि पुढच्या वर्षी बांधकाम सुरू केलं. सोळाव्या शतकातल्या पॅलाडिओ या इटालियन वास्तुकाराची पुस्तकं हेच त्यांचं वास्तुशिक्षण. पुढे पाच वर्षं पॅरिसमध्ये राजदूत म्हणून राहिले, तिथली घरं पाहिली आणि आपलं घर त्यांना अपुरं वाटू लागलं. १७९६ मध्ये त्यांनी बरंच काही पाडलं आणि नव्यानं मांडलं. ते काम १८०९ पर्यंत चाललं. आज दिसतं ते हे दुसरं घर. तेहतीस खोल्या, मधोमध घुमट, बाहेरून एकमजली वाटणारं पण आत तीन मजले लपवणारं.

विटा इथल्याच मातीच्या, इथेच भाजलेल्या. लाकूड बरंचसं इथल्याच रानातलं. खिळेही पुढे इथल्याच लोहारशाळेतले. माती कालवणारे, झाडं पाडणारे, खिळे ठोकणारे बहुतेक हात गुलामीत ठेवलेल्या माणसांचे. मजुरीवर आणलेले गोरे कारागीरही होते. त्यांच्या हाताखाली इथली माणसं शिकली आणि काही त्यांच्याही पुढे गेली. जॉन हेमिंग्ज हे त्यातले. घराच्या आतलं कितीतरी नाजूक लाकूडकाम त्यांचं आणि ते ज्यांच्या हाताखाली शिकले त्या गोऱ्या सुताराचं. जेफरसन गेले तेव्हा त्यांची शवपेटीही जॉन हेमिंग्ज यांनीच केली.

जेवणाच्या दालनात मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. शेकोटीच्या दोन्ही बाजूंना कपाटासारखी दारं आहेत. आत एक छोटा पाळणा, खालच्या मद्याच्या कोठारातून बाटल्या वर आणणारा. पलीकडच्या भिंतीत मधल्या आसावर फिरणारं दार आहे, त्याला मागून फळ्या. बाहेरच्या बाजूनं ताटं मांडायची, दार फिरवायचं. ताटं दालनात हजर, मांडणारा माणूस बाहेरच. घराच्या दोन्ही बाजूंना लांब सोपे काढलेत, पण ते उतारात दाबून बसवलेत. वरून पाहाल तर त्यांची छपरं म्हणजे फिरायची गच्ची. स्वयंपाकघर, दूधदुभत्याची खोली, मांस धुरावण्याची खोली, बर्फाचं कोठार, काम करणाऱ्यांच्या खोल्या, सगळं त्या गच्चीखाली. तळघरातून एक बोळ घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. पाहुणा हिरवळीवर उभा राहून निळ्या डोंगररांगा पाहतो, तेव्हा त्याच्या पायाखालून माणसं चालत असत.

आपल्याकडे वाड्याला परसदार असतं. पुढच्या दारानं कोणी यायचं आणि मागच्या दारानं कोणी, हे न सांगता ठरलेलं असतं. म्हणून ही रचना मला परकी वाटली नाही.

आता वहीबद्दल. आमच्या घरी आजोबांचं किराणा दुकान होतं. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर कुंकवानं श्री काढायचा, पान-सुपारी ठेवायची आणि मग पहिली ओळ लिहायची. वहीला पाय लागला तर आम्ही नमस्कार करायचो. जेफरसनही वहीचे मोठे भक्त. रोजची हवा, बागेत कधी काय पेरलं, कुणाला किती पैसे दिले, सगळं टिपून ठेवणारे. त्यांची शेतीची वही आज बॉस्टनमध्ये मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत जपलेली आहे. ती १७७४ मध्ये सुरू होते. आदल्या वर्षी त्यांचे सासरे जॉन वेल्स वारले होते आणि जावयाच्या वाट्याला ११,००० एकर जमीन, १३५ माणसं आणि डोंगराएवढं कर्ज आलं होतं. ती माणसं वहीत उतरवून घ्यायची होती.

त्या वहीत नावं आहेत. कोण कुठल्या शेतावर, जन्म कोणत्या वर्षी, आई कोण. कुणाला किती वार कापड, कुणाला घोंगडी. आठवड्याचा शिधा म्हणजे मक्याचं पीठ, थोडं मांस, चार खारे मासे. घोंगडी तीन वर्षांतून एकदा. मुलांचाही आराखडा आहे: दहा वर्षांपर्यंत लहानग्यांना सांभाळायचं, दहा ते सोळा मुलग्यांनी खिळे करायचे, मुलींनी सूत कातायचं, सोळाव्या वर्षी शेतात जायचं किंवा हातकाम शिकायचं. आयुष्यभरात एकूण ६०७ माणसं जेफरसन यांच्या मालकीची होती. मॉन्टिचेलोच्या आवारात एका वेळी साधारण १३०.

तंबाखूनं जमीन खाल्ली होती. १७९० च्या दशकात जेफरसन गव्हाकडे वळले आणि हाती पैसा यावा म्हणून १७९४ मध्ये खिळ्यांची लोहारशाळा काढली. घराच्या दक्षिणेला तुतीच्या झाडांची एक वाट होती, मलबरी रो. तिच्या कडेनं सुतारशाळा, लोहारशाळा, कोठ्या आणि राहायच्या झोपड्या. दहा-बारा वर्षांची मुलं पहाटेपासून भट्टीशी उभी राहून दिवसाला आठ-दहा हजार खिळे पाडत. कुणाला किती लोखंड दिलं आणि त्याचे किती खिळे झाले, कुणी किती वाया घालवलं, याचा मुलागणिक हिशोब खुद्द जेफरसन यांच्या हातचा आहे. यातला जेम्स हबर्ड नावाचा मुलगा मोठा झाल्यावर पळाला, पकडला गेला, पुन्हा पळाला. १८१२ मध्ये त्याला धरून आणल्यावर त्याच्या जुन्या सोबत्यांसमोर फटके मारवले, असं जेफरसन यांनी स्वतः पत्रात लिहिलंय.

आणखी एक पत्र आहे, १८२० मधलं, जावई जॉन एप्स यांना लिहिलेलं. दोन वर्षांनी एक मूल देणारी बाई शेतावरच्या सगळ्यात कामसू पुरुषापेक्षा जास्त फायद्याची, असा त्याचा आशय. मी ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आजोबांच्या वहीत गुळाच्या ढेपा होत्या, तेलाचे डबे होते. वही म्हणजे लक्ष्मी हे मी ज्या श्रद्धेनं मानत आले, त्या श्रद्धेला त्या रात्री तडा गेला. तो अजून आहे.

सासऱ्यांकडून आलेल्या माणसांत एलिझाबेथ हेमिंग्ज आणि त्यांची मुलं होती. त्यातली सहा मुलं जॉन वेल्स यांचीच असल्याचं घराण्यात सांगितलं जाई. त्यांतली धाकटी सॅली, जन्म १७७३. म्हणजे सॅली ही जेफरसन यांच्या पत्नीची, मार्था यांची, सावत्र बहीण होती आणि त्यांच्या मालमत्तेचा भागही होती. मराठीत नात्यांना इतके शब्द आहेत, पण या नात्याला एकही नाही.

मार्था १७८२ मध्ये गेल्या. १७८४ मध्ये जेफरसन पॅरिसला निघाले तेव्हा सॅलीचा मोठा भाऊ जेम्स सोबत होता. त्याला फ्रेंच स्वयंपाक शिकवायचा होता. १७८७ मध्ये जेफरसन यांच्या लहान मुलीला घेऊन चौदा वर्षांची सॅली पॅरिसला पोचली. फ्रान्समध्ये तिला कोर्टात जाऊन स्वातंत्र्य मागता आलं असतं. तिचा मुलगा मॅडिसन यानं पुढे सांगितलं की आईनं परत यायला नकार दिला होता. आपल्याला होणारी मुलं एकविसाव्या वर्षी मोकळी होतील, असं वचन जेफरसन यांच्याकडून घेतल्यावरच ती जहाजात बसली. जेफरसन तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते. सोळा वर्षांच्या मुलीनं मालकाशी केलेल्या या वाटाघाटीला प्रेम म्हणायचं का, असं लोक अजून विचारतात. जिला नाही म्हणायचा हक्क नव्हता तिच्या बाबतीत मला तो प्रश्नच पटत नाही. मला तिची हुशारी दिसते. हातात काहीही नसताना तिनं चार मुलांचं पुढचं आयुष्य मिळवलं.

जेम्स हेमिंग्ज यांनीही वचन घेतलं, लेखी. दुसऱ्या कुणाला तयार केलं की सुटका. त्यांनी धाकट्या भावाला, पीटरला, शिकवलं आणि १७९६ मध्ये मोकळे झाले. जाताना स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवली. ती आजही आहे. पुढे पाच वर्षांत त्यांनी आयुष्य संपवलं.

सॅली यांची चार मुलं मोठी झाली: बेव्हर्ली, हॅरिएट, मॅडिसन, एस्टन. वहीत त्यांचे जन्म इतरांसारखेच नोंदलेले आहेत. १८२२ मध्ये बेव्हर्ली आणि हॅरिएट गेले. वहीची नोंद सांगते, पळाले. पण एडमंड बेकन हे तिथले मुकादम. जेफरसन यांच्या सांगण्यावरून आपण हॅरिएटच्या हातात पन्नास डॉलर ठेवले आणि तिला घोडागाडीत बसवून दिलं, असं त्यांनी म्हातारपणी सांगितलं. वही लिहिणाऱ्याला सगळं माहीत होतं. दोघंही गोऱ्या समाजात मिसळून गेले.

या कुटुंबाची गोष्ट १८०२ मध्ये रिचमंडच्या वर्तमानपत्रात आली होती. पुढची जवळजवळ दोनशे वर्षं ती बदनामी म्हणून बाजूला ठेवली गेली. इतिहासकार अॅनेट गॉर्डन-रीड यांनी १९९७ च्या पुस्तकात एक साधा प्रश्न विचारला: जेफरसन यांच्या गोऱ्या नातवंडांची साक्ष जशी धरता तशी काळ्या मुलाची, मॅडिसनची, का धरत नाही? पुढच्या वर्षी डीएनए चाचणीत एस्टन यांच्या वंशजाचा आणि जेफरसन घराण्याच्या पुरुषवंशाचा दुवा जुळला. २००० मध्ये मॉन्टिचेलो चालवणाऱ्या फाउंडेशननं हे पितृत्व मान्य केलं. २०१८ मध्ये दक्षिणेकडच्या सोप्यातली एक खोली खुली झाली, जी बहुधा सॅली यांची असावी. मधल्या काळात त्या जागी पर्यटकांसाठी शौचालय बांधलेलं होतं. सॅली यांचं एकही चित्र नाही, त्यामुळे खोलीत फक्त झग्याची एक आकृती उभी आहे आणि भिंतीवर मॅडिसन यांच्या शब्दांचा प्रकाश पडतो. आमच्या गटातला एक लहान मुलगा तिथे आईचा हात घट्ट धरून उभा होता. बाहेर पडेपर्यंत कुणीच बोललं नाही.

मॅडिसन हेमिंग्ज यांनी ओहायोतल्या एका छोट्या वर्तमानपत्राला आपली हकीकत सांगितली ती १३ मार्च १८७३ रोजी छापून आली. सुतारकाम करून पोट भरणारा अडुसष्ट वर्षांचा माणूस, आपले वडील कोण हे शांतपणे सांगणारा. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. काळ्या माणसांना गुलामीतून सोडवण्यासाठी झिजलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना त्यांनी ते अर्पण केलं, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा धरली. त्याआधी ऐन तरुणपणी ते टॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’नं पेटले होते, तो पेन जेफरसन यांचा मित्र. ओहायोतल्या सुताराचा आणि पुण्यातल्या जोतीरावांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोघांचं वर्ष एकच आहे हे कळल्यापासून मी ती हकीकत आणि ते पुस्तक शेजारी शेजारी ठेवते.

आणि मग घरचं आठवतं. शनिवारवाड्यात मी लहानपणापासून किती वेळा गेले असेन. कारंजं कुठलं, दिल्ली दरवाजा कुठला, १८२८ च्या आगीत काय जळलं, हे सगळं पाठ. पेशवे दप्तरात कुणबिणींच्या नोंदी आहेत, त्यांच्या खरेदीच्या, त्यांना कोठीवर आणि पागेत कामाला लावल्याच्या. त्या गुलाम बायका होत्या. त्यांच्याबद्दल वाड्यात मला कधी कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यावर लिहिलंय. घरांच्या गोष्टींत ते अजून पोचायचं आहे.

मॉन्टिचेलोतही ते उशिराच पोचलं. १८३४ मध्ये नौदलातले अधिकारी युरायह लेवी यांनी पडायला आलेलं घर विकत घेतलं. ते ज्यू होते आणि धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता म्हणून जेफरसन यांना मानत. लेवी घराण्यानं ते जवळजवळ नव्वद वर्षं सांभाळलं; युरायह यांच्या आईची कबर मलबरी रोच्या कडेला आहे. १९२३ मध्ये फाउंडेशननं पाच लाख डॉलरांना ते घेतलं. त्यानंतरही कितीतरी दशकं पाहुण्यांना ऐकवलं जाई ते कल्पक घड्याळ, फिरतं दार, फ्रेंच मद्य. काम करणारे असत ते ‘नोकर’. १९९३ मध्ये इथल्या इतिहासकारांनी वंशजांच्या शोधात घरोघर जाऊन आठवणी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली, तेव्हापासून घर खऱ्या अर्थानं बोलू लागलं. सगळ्यांना ते रुचलं असं नाही. टेकडीवरचं जेफरसन कुटुंबाचं कबरस्तान वंशजांच्या संघटनेच्या ताब्यात आहे, आणि हेमिंग्ज वंशजांना सामावून घ्यायला त्या संघटनेनं २००२ मध्ये नकार दिला. गुलामीत मेलेल्यांची दफनभूमी खाली आहे, वाहनतळाला लागून. चाळीसहून अधिक कबरी. ओबडधोबड दगड, त्यांवर नावं नाहीत.

जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी गेले. १,०७,००० डॉलरांहून जास्त कर्ज मागे राहिलं. सासऱ्यांचं जुनं देणं, सततचं बांधकाम, पाहुण्यांचा राबता, १८१९ ची मंदी आणि एका मित्रासाठी राहिलेला वीस हजारांचा जामीन, सगळं त्यात. मृत्युपत्रानं पाच जण मोकळे केले, पाचही हेमिंग्ज कुटुंबातले. लोहार जोसेफ फॉसेट त्यातले एक. सॅली यांचं नाव त्यात नव्हतं. जेफरसन यांच्या मुलीनं त्यांना नुसतं जाऊ दिलं.

जोसेफ खिळ्यांच्या लोहारशाळेतला मुलगा. त्यांची बायको एडिथ पंधराव्या वर्षी वॉशिंग्टनला, राष्ट्राध्यक्षांच्या निवासात, फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली शिकायला पाठवलेली. तिला भेटायला १८०६ मध्ये जोसेफ टेकडीवरून न सांगता निघाले, वॉशिंग्टनला पोचले आणि पकडून परत आणले गेले. पुढे एडिथ मॉन्टिचेलोच्या मुख्य आचारी झाल्या. ज्या जेवणाचं पाहुण्यांनी आयुष्यभर कौतुक केलं ते त्यांच्या हातचं.

मृत्युपत्रात जोसेफ यांना हत्यारं मिळाली, घरापुरती जागा मिळाली आणि एक वर्षानंतर स्वातंत्र्य मिळणार होतं. बायकोमुलांबद्दल एक अक्षर नव्हतं. जानेवारी १८२७ च्या थंडीत मॉन्टिचेलोवर पाच दिवस लिलाव चालला. गुरं, अवजारं, फर्निचर आणि १३० माणसं. जोसेफ यांच्या नातलगांनी धडपड करून एडिथ आणि दोन धाकटी मुलं सोडवली. बाकीची मुलं वेगवेगळ्या लोकांनी नेली. अकरा वर्षांचा पीटर त्यात होता. त्या दिवसापर्यंत आपण गुलाम आहोत हेच आपल्याला ठाऊक नव्हतं, असं त्यानं पुढे सांगितलं.

नव्या मालकाकडे पुस्तक हातात दिसलं तर चाबूक होता. पीटर रात्री विस्तवाच्या उजेडात अक्षरं गिरवत राहिला. दोनदा पळाला, दोन्हीदा पकडला गेला. १८५० मध्ये तो दुसऱ्यांदा लिलावात उभा राहिला, तेव्हा आप्तांनी पैसे जमवून त्याला सोडवलं. जोसेफ आणि एडिथ तोवर ओहायोतल्या सिनसिनाटीला जाऊन राहिले होते. पीटर फॉसेट तिथे मेजवान्यांचा स्वयंपाक करून देणारे नावाजलेले व्यावसायिक झाले, मग बाप्टिस्ट चर्चचे पाद्री. दक्षिणेकडून पळून येणाऱ्यांना ते मदत करत. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात त्यांची आठवण छापून आली. १९०० मध्ये, पंच्याऐंशी वर्षांचे असताना, ते पुन्हा एकदा ही टेकडी चढून आले.

पण या सगळ्याच्या आधी, पीटर अजून कुणाच्या तरी मालकीचा असतानाची एक गोष्ट आहे. त्याची धाकटी बहीण इसाबेला १८२७ च्या त्याच लिलावात, सात-आठ वर्षांची असताना, विकली गेली होती. जेफरसन यांच्या वहीत एडिथच्या नावाखाली दोघांच्या जन्माची वर्षं आहेत, १८१५ आणि १८१९. पीटरनं एका कागदावर आपल्या हातानं परवाना लिहिला, ही मुलगी स्वतंत्र आहे म्हणून. तो कागद घेऊन इसाबेला बॉस्टनला पोचली.